कुठल्या घड्याळात? दवाखान्यासाठी ‘क्रॉनी’ची पारख

पेशंट ९:०१ ला कॅज्युअल्टीत आला आणि त्याचा ईसीजी ८:५८ ला निघाला. अशी नोंद ईएमआरमध्ये, म्हणजे पेशंटच्या संगणकीय नोंदवहीत, दिसली की पहिला संशय टायपिंगवर जातो. बहुतेक वेळा टायपिंग बरोबर असतं. रिसेप्शनचा संगणक नेटवर असतो, ईसीजी मशीन सात मिनिटं मागे असतं आणि भिंतीवरचं घड्याळ, जे औषध कंपनीनं भेट दिलेलं असतं, ते ‘उशीर नको’ म्हणून कुणीतरी पाच मिनिटं पुढे लावलेलं असतं. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या पेशंटचा ईसीजी दहा मिनिटांत व्हायला हवा, असा दंडक आहे. या तीन घड्याळांवर तो पाळला की मोडला, हे कुणालाच सांगता येणार नाही.

कोल्हापुरातल्या राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क या पट्ट्यातल्या तीस ते शंभर खाटांच्या दवाखान्यांना डोळ्यांसमोर ठेवून इथे क्रॉनी या फुकट सॉफ्टवेअरची पारख केली आहे. सोबत एनआयसी (सरकारचं राष्ट्रीय माहितीशास्त्र केंद्र) आणि एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांची वेळ-सेवा धरली आहे, कारण वेळ पुरवणारं कुणी नसेल तर क्रॉनी एकटं काही कामाचं नाही. निकाल आधीच सांगतो: घड्याळ जुळवण्यात क्रॉनीला पैकीच्या पैकी गुण. पण दवाखान्याची निम्मी दुखणी घड्याळात नसतात. ती ईएमआरच्या रकान्यांत असतात आणि तिथे क्रॉनीचा हात पोचत नाही.

क्रॉनी म्हणजे नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, म्हणजे एनटीपी, बोलणारा प्रोग्राम. लिनक्सवर चालतो आणि रेड हॅटच्या लिनक्समध्ये सातव्या आवृत्तीपासून तोच मूळचा आहे. बाहेरच्या सर्व्हरला वेळ विचारतो, उत्तर यायला-जायला लागलेला वेळ वजा करतो, आपल्या मशीनचं घड्याळ रोज किती धावतं किंवा रेंगाळतं याचा हिशेब ठेवतो आणि आतल्या संगणकांना तीच वेळ वाटतो. हा हिशेब ठेवणं हीच त्याची खरी जमेची बाजू. साधा क्वार्ट्झ स्फटिक दहा लाखांत वीस भाग चुकला तर दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळजवळ ५२ सेकंद आणि वर्षाला साडेदहा मिनिटं फरक पडतो. क्रॉनी ही चाल मोजून फाइलमध्ये लिहून ठेवतं. नेट गेलं तरी त्याच हिशेबानं घड्याळ दुरुस्त करत राहतं. पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर आली की वीज आणि फायबर दोन्ही बेभरवशाचे होतात. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या शहरात हा गुण कागदावरचा नाही.

मांडणी सोपी आहे. एक जुना संगणक घ्या, ४ जीबी रॅमचा असला तरी भरपूर झाला. ईएमआरचा सर्व्हर ज्या यूपीएसवर आहे त्याच यूपीएसवर तो ठेवा. व्हर्च्युअल मशीनवर ठेवू नका. तिथे यजमान मशीन स्वतःची वेळ पाहुण्यावर लादत असतं आणि दोघांची ओढाताण चालते. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल आधीच बदला. तो मेलेला असेल तर वीज गेल्यावर मशीन कारखान्यातल्या तारखेला जागं होतं. रास्पबेरी पायचा मोह होतो, पण चौथ्या पिढीपर्यंतच्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. पाचव्यात आहे, मात्र सेल वेगळा जोडावा लागतो.

मग कॉन्फिगरेशन फाइल. ‘सर्व्हर’ या शब्दानं तीन ओळी लिहायच्या: समय१ डॉट एनआयसी डॉट इन, समय२ डॉट एनआयसी डॉट इन आणि टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी. प्रत्येकीपुढे ‘आयबर्स्ट’, म्हणजे सुरू होताना चार ते आठ विचारणा पटापट होतात. तीनच का? एक सर्व्हर असेल तर तो चुकला हे कळत नाही. दोन असतील तर कोण चुकलं हे कळत नाही. तीन असले की खोटं बोलणारा एकटा पडतो. चौथा असेल तर एक बंद पडला तरी निवाडा होऊ शकतो. नवी दिल्लीची एनपीएल भारतीय प्रमाणवेळ राखते. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशातही एनआयसी किंवा एनपीएलच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी नातं सांगणाऱ्या सर्व्हरशी घड्याळं जुळवा, असंच म्हटलं आहे. त्याच निर्देशात लॉग, म्हणजे संगणकांनी आपोआप ठेवलेल्या नोंदी, १८० दिवस जपायला सांगितलं आहे. चुकीच्या वेळेचे लॉग १८० दिवस जपून काय करणार, हा प्रश्न तिथेच सुटतो.

पुढची ओळ ‘मेकस्टेप १ ३’. सुरू झाल्यावरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांत फरक एक सेकंदापेक्षा जास्त असेल तर घड्याळ एकदम उडी मारेल. त्यानंतर कधीच उडी नाही, हळूहळू सरकवणं. ही ओळ दवाखान्यात फार मोलाची आहे. चालू डेटाबेसचं घड्याळ चार मिनिटं मागे उडालं तर त्या चार मिनिटांत आधी लिहिलेली औषधाची ऑर्डर ‘भविष्यातली’ ठरते. क्रॉनी सरकवताना घड्याळाची चाल जास्तीत जास्त एक-द्वादशांशानं बदलतं, म्हणजे एक मिनिटाचा फरक भरून यायला साधारण बारा मिनिटं लागतात. तेवढा वेळ सेकंद थोडे लांबतात किंवा आखडतात, पण वेळ उलटी फिरत नाही.

‘अलाउ’ पुढे आतल्या नेटवर्कचा पत्ता, म्हणजे वॉर्डातले संगणक विचारू शकतील. ‘लोकल स्ट्रॅटम १०’, म्हणजे नेट नसताना हे मशीन रिस्टार्ट झालं तरी ते आपली वेळ वाटत राहील. सगळे मिळून अर्धा सेकंद चुकले तरी बिघडत नाही, पण एकमेकांशी जुळलेले हवेत. ‘आरटीसीसिंक’ लिहिलं की बरोबर वेळ सेलवरच्या घड्याळातही उतरते. फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ हे दार उघडायला विसरतात आणि मग ‘क्रॉनी चालत नाही’ म्हणून तक्रार होते. तपासायची रीत अशी: ‘क्रॉनीसी सोर्सेस’ हा आदेश द्या आणि ‘रीच’चा रकाना बघा. तिथे ३७७ दिसलं तर शेवटच्या आठही विचारणांना उत्तर मिळालं. तो आकडा अष्टमान पद्धतीतला आहे, टक्केवारी समजू नका. शून्य असेल तर बहुधा दार बंद आहे. नावाआधी तारा असेल तर तो सर्व्हर सध्या प्रमाण धरला आहे, इंग्रजी एक्स असेल तर तो खोटा ठरला आहे.

आता उणिवा. क्रॉनी विंडोजवर चालत नाही आणि दवाखान्यातले बहुतेक संगणक विंडोजचेच. म्हणजे क्रॉनी फक्त मधल्या मशीनवर राहणार आणि बाकीच्यांना विंडोजची स्वतःची टाइम सर्व्हिस वापरावी लागणार. डोमेन असेल, म्हणजे सगळे विंडोज संगणक एकाच सर्व्हरच्या ताब्यात असतील, तर काम एकाच जागी: मुख्य डोमेन कंट्रोलरला क्रॉनीचा पत्ता द्या, बाकीचे त्याच्याकडून घेतील. डोमेन नसेल तर प्रत्येक संगणकावर ‘डब्ल्यू३२टीएम’नं पत्ता घालावा लागतो, सर्व्हिस ‘ऑटोमॅटिक’ करावी लागते आणि विचारणेचं अंतर बदलावं लागतं. एकट्या विंडोज संगणकात हे अंतर कित्येकदा ६,०४,८०० सेकंद, म्हणजे पूर्ण आठवडा असतं. ते ९०० सेकंदांवर आणा. वीस संगणकांचं हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यातले दोन हमखास राहून जातात. ‘क्रॉनीसी क्लायंट्स’ ही यादी तेव्हा उपयोगी पडते: कुणी वेळ विचारली आणि कुणी नाही, ते एका नजरेत दिसतं. क्रॉनीला पडद्यावरची बटणं नाहीत, बिघाड झाला तर ते आपणहून मेसेज धाडत नाही. हे पाहणारा माणूस ठेवावा लागतो. एएमसी (वार्षिक देखभाल) घेणाऱ्या हार्डवेअरवाल्याच्या करारात ‘दर सोमवारी सोर्सेस आणि क्लायंट्स तपासणे’ ही ओळ घालून घ्या. तोंडी बोललेलं चौथ्या सोमवारी विसरलं जातं.

पर्याय म्हणून जीपीएसवर चालणारे टाइम सर्व्हर मिळतात. नेट नसलं तरी चालतात ही मोठी सोय. पण अँटेना गच्चीवर, उघड्या आकाशाखाली हवी, केबलला वीजरोधक हवा आणि वापरलेला स्वस्त डबा घेत असाल तर सावध. जीपीएसचा आठवडे मोजणारा आकडा १,०२४ नंतर शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ ला तो आला होता आणि जुन्या रिसीव्हरची तारीख अशा वेळी १९ वर्षांहून जास्त मागे जाऊ शकते. शंभर खाटांपर्यंत हा खर्च आम्हाला पटत नाही. दवाखान्याला मायक्रोसेकंद लागत नाहीत. आरोग्य माहितीच्या देवाणघेवाणीसाठी आयएचई या संस्थेनं ‘कन्सिस्टंट टाइम’ नावाचा जो आराखडा केला आहे, तोही एक सेकंदाच्या आतला मध्यक (मेडियन) फरक चालवून घेतो. साध्या फायबर जोडणीवर क्रॉनी याच्यापेक्षा कितीतरी नेमकं राहतं.

नेटवर्क नसलेली यंत्रं मात्र हातानंच लावावी लागतात: डिफिब्रिलेटर, जुनं ईसीजी, एबीजी (रक्तातले वायू मोजणारं यंत्र), इन्फ्युजन पंप, ग्लुकोमीटर. आयसीयूतले मॉनिटर बहुधा सेंट्रल स्टेशनकडून वेळ घेतात, म्हणून एकेक मॉनिटर बदलत बसू नका, स्टेशनची वेळ बदला. तीही पेशंटचा ट्रेंड चालू असताना नको, आलेख तुटतो किंवा एकावर एक चढतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला एक फेरी पुरते. क्रॉनीशी जुळलेल्या टॅबलेटवर सेकंदासकट घड्याळ उघडायचं, यंत्राच्या पडद्याशेजारी धरून एकाच चौकटीत फोटो घ्यायचा. वहीत चार रकाने: यंत्र, यंत्राची वेळ, खरी वेळ, फरक. फरक एक मिनिटाच्या वर गेला तर दुरुस्त करायचा. दुरुस्तीआधीचा फरक लिहिणं हेच खरं काम, कारण गेल्या महिन्यातल्या ईसीजीची खरी वेळ त्यावरून काढता येते. नुसतं घड्याळ बरोबर केलं आणि आधीचा फरक लिहिला नाही, तर पुरावा पुसल्यासारखं होतं. भिंतीवरच्या घड्याळांचीही हीच फेरी. कॅज्युअल्टी, लेबर रूम आणि ओटी इथली तरी पुढे लावलेली घड्याळं सरळ करा. कार्डिअॅक अरेस्टमध्ये अॅड्रेनालिन दर तीन ते पाच मिनिटांनी जातं. तिथे एकानं भिंतीवर आणि दुसऱ्यानं मोबाइलवर पाहून लिहिलं की कागदावर दोन डोस एकाच मिनिटाला पडतात.

आता क्रॉनीच्या पलीकडचं, आणि आमच्या मते जास्त महत्त्वाचं. ईएमआर विकत घेताना डेमोमध्ये रंगीत आलेख दाखवतात. तुम्ही मात्र एकच विचारा: एका नोंदीला वेळा किती? किमान दोन हव्यात. घटना घडली ती वेळ, जी सिस्टरला भरता आणि कारण देऊन बदलता येते. आणि नोंद झाली ती वेळ, जी सर्व्हर स्वतः छापतो आणि कुणालाही, अगदी मालक डॉक्टरांनाही, बदलता येत नाही. एकच वेळ असलेली सॉफ्टवेअर दोन प्रकारे फसवतात. एक तर सगळ्या घटना शिफ्ट संपताना, पावणेआठला, एकदम घडल्यासारख्या दिसतात. नाहीतर वेळ मागे टाकायची मुभा असते आणि उशिरा लिहिलेलं वेळेवर लिहिल्यासारखं दिसतं. उशिरा नोंद करणं हा गुन्हा नाही, ती उशिरा झाली हे लपणं वाईट. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ हे १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात द्यायची तर प्रमाणपत्र लागतं. एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांपर्यंत जाणाऱ्या, केसमध्ये वकील पहिलं बोट वेळेवरच ठेवतो.

दुसरा प्रश्न: नोंदीची वेळ कुणाच्या घड्याळातून येते, सर्व्हरच्या की ब्राउझर चालणाऱ्या संगणकाच्या? तपासणी दोन मिनिटांची. वॉर्डातल्या एका संगणकाचं घड्याळ मुद्दाम एक तास पुढे करा, खोट्या पेशंटची नोंद करा आणि वेळ पाहा. एक तास पुढची आली तर विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवा.

तिसरा, क्लाउडवरच्या ईएमआरसाठी. सर्व्हर जागतिक वेळेवर असतो, आपण साडेपाच तास पुढे. रूपांतर एका ठिकाणी जरी राहिलं तरी १२ तारखेला पहाटे ३ वाजता जन्मलेलं बाळ जन्मनोंदीत ११ तारखेला रात्री साडेनऊचं होतं. नुसती जन्मतारीख साठवतानाही हेच घडतं: मध्यरात्रीची वेळ जोडली जाते, ती आदल्या दिवशीची १८:३० होते आणि छापताना तारीख एक दिवस मागे येते. मायएसक्यूएलमध्ये ‘टाइमस्टॅम्प’ जागतिक वेळेत बदलून साठतो, ‘डेटटाइम’ जसा दिला तसा. एकाच टेबलात दोन्ही मिसळलेले असतील तर साडेपाच तासांचं भूत कधी ना कधी बाहेर येतंच. आयुष्मान भारत डिजिटल मिशनसाठी माहिती एफएचआयआर या आरोग्य-माहितीच्या ठरावीक साच्यात जाते आणि त्या साच्यात तास-मिनिटं दिली तर जागतिक वेळेपासूनचं अंतर (आपलं ‘+०५:३०’) लिहिणं सक्तीचं आहे. दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर ते लिहायची गरज नाही, पण फाइलमध्ये हवं. बाकी प्रमाणवेळ ही ८२.५ अंश रेखांशाची, कोल्हापूर सव्वाचौऱ्याहत्तरच्या आसपास. म्हणजे सूर्याच्या हिशेबानं आपण तेहतीस मिनिटं मागेच. ईएमआरला सूर्याशी देणंघेणं नाही हे बरं.

लॅबची गोष्ट वेगळी. बारकोडचं लेबल छापलं ती वेळ आणि रक्त काढलं ती वेळ, या दोन वेळा एक नाहीत. पहाटे साडेपाचला पंचवीस लेबलं एकदम छापतात, शेवटच्या पेशंटचं रक्त पावणेसातला निघतं. सॉफ्टवेअर छपाईची वेळ ‘कलेक्शन टाइम’मध्ये घालत असेल तर अँटिबायोटिकची ट्रफ लेव्हल (पुढच्या डोसआधीची रक्तातली पातळी) किंवा पोटॅशियमचा आलेख सव्वा तासानं सरकतो आणि डोसचा निर्णय चुकीच्या पायावर होतो. उपाय एकच: खाटेशेजारी नळी भरल्यावर बारकोड स्कॅन करा, तीच कलेक्शनची वेळ. स्कॅनर नसेल तर लेबलवर पेननं वेळ लिहा आणि लॅबनं ती भरावी.

वेळेच्या रकान्यात ‘साधारण’ लिहायची सोय आहे का, हेही बघा. गगनबावडा किंवा शाहूवाडीकडून सर्पदंशाचा पेशंट येतो तेव्हा नातेवाईक सांगतात, ‘वैरण काढताना, दिवाबत्तीच्या टायमाला चावला बघा.’ सॉफ्टवेअर मिनिट भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नसेल तर सिस्टर १९:०० ठोकते आणि अंदाज नेमका होऊन बसतो. एफएचआयआरमध्ये अशा सुरुवातीसाठी कालावधी देता येतो, ‘१८:३० ते १९:३०’, किंवा नातेवाइकांचे शब्द जसेच्या तसे लिहिता येतात. पण दाखल झाल्यावरची वेळ मात्र मिनिटात हवी. रक्त गोठतं का हे पाहायला काचेच्या कोरड्या नळीत २ मिली रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवायचं असतं. नळी भरल्याची आणि तिरकी करून पाहिल्याची, दोन्ही वेळा लिहिल्या तरच ती चाचणी. पुढची चाचणी प्रतिविषानंतर सहा तासांनी, म्हणजे त्या सहा तासांची सुरुवातही नोंदीतूनच मोजायची.

ड्रॉपडाउनमधली नावंही एकदा वाचून काढा. कोल्हापुरात सीपीआर म्हणजे आधी दसरा चौकाजवळचं सरकारी रुग्णालय, मग छाती दाबणं. ‘सीपीआर २२:१०’ एवढीच नोंद असेल तर पेशंट तिकडे पाठवला की त्याचं हृदय बंद पडलं, हे वाचणाऱ्यानं नशिबावर सोडायचं का?

सगळं बसवून झाल्यावर महिन्यातून एकदा चार प्रश्न डेटाबेसला विचारा. रक्त काढण्याआधी रिपोर्ट आलेले किती? ऑर्डरआधी दिलेली औषधं किती? चिरा दिल्यानंतर दिलेलं प्रतिबंधक अँटिबायोटिक किती? ते आधीच्या साठ मिनिटांत जायला हवं असतं. मृत्यूच्या वेळेनंतर भरलेले बीपी-पल्स किती? पहिल्या दोहोंचा आकडा क्रॉनी बसवल्यावर झटकन खाली यायला हवा. नाही आला तर एखादं यंत्र फेरीतून सुटलं आहे, किंवा लेबलाची वेळ कलेक्शनमध्ये शिरते आहे. पाचवा प्रश्न माणसांबद्दलचा: ० किंवा ५ वर संपणारी मिनिटं किती टक्के? साठातल्या बारा मिनिटांचा शेवट असा होतो, म्हणजे घड्याळ बघून लिहिलं तर २० टक्क्यांच्या आसपास यायला हवं. ६० टक्के आलं तर लोक आठवून लिहीत आहेत. त्यासाठी मेमो काढू नका. वॉर्डात संगणक एकच आणि सिस्टर तिघी असतील तर आधी दुसरा संगणक आणा.